देवाला ‘तो’, साहेबांना ‘ते’

मी आयुष्यभर परक्या माणसांना मराठी शिकवलं. तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी ‘शिकवण्या’ म्हणायची, आणि समोरची बाई लगेच आपल्या मुलाचं गणित किती कच्चं आहे ते सांगू लागायची. गणित नाही हो, मराठी, आणि तेही गोऱ्या माणसांना, असं म्हटलं की काहीजणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. माझ्या हाताखालून गेलेली माणसं पुढे अंधेरीच्या बाजारात कोळणींशी घासाघीस करताना मी या कानांनी ऐकली आहेत. एकाने तर भाव ठरल्यावर वर दोन बोंबील टाकून घेतले होते. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नसतं.

पन्नासनंतरच्या त्या वर्षांत अंधेरीत बंगले थोडे आणि झाडं जास्त होती. आमचे हे सरकारी कचेरीत होते. शेजारच्या डॉक्टरांकडे बोरिवलीच्या मिशन दवाखान्यातली एक परदेशी नर्स यायची. तिला मराठी शिकवायला कुणी मिळत नव्हतं, आणि मी मॅट्रिक होऊन घरात तांदूळ निवडत बसलेली. डॉक्टरांनी दोघींची गाठ घालून दिली आणि माझा धंदा सुरू झाला.

त्या नर्सला सगळं मराठी नको होतं, फक्त दुखणं हवं होतं. मी तिला ठणका, कळ, चमक, मुरडा, जळजळ आणि सल यांतला फरक शिकवला. करून दाखवावं लागायचं, त्यामुळे माझ्या घरातून कण्हण्याचे आवाज येतात अशी वाडीत बोलवा झाली. एवढी दुखणी तुम्ही ठेवता कुठे, असं ती मला विचारायची.

दुसरा एक इंजिनियर होता. तिकडे माहुलच्या बाजूला तेल शुद्ध करण्याचे कारखाने उभे राहत होते, तिथे तो मजुरांवर देखरेख करायचा. त्याला फक्त ‘उचल, ठेव, थांब, सरक’ एवढंच हवं होतं. मी म्हटलं, मोठ्या माणसांना असं बोलत नाहीत, ‘उचला, सरका’ म्हणा. त्यावर तो म्हणाला की डोक्यावर लोखंड लटकत असताना एक काना जास्त लावायला वेळ नसतो. त्याचं म्हणणं मला पटलं. मग आम्ही असं ठरवलं की लोखंड वर असेल तर ‘सरक’, आणि चहाच्या वेळी बाकावर जागा हवी असेल तर ‘सरका’. त्याने ते शेवटपर्यंत पाळलं, आणि मजूर त्याच्यावर खूश होते.

माझी पद्धत सोपी होती. सुरुवातीला पुस्तक नाही. विद्यार्थ्याला थेट स्वयंपाकघरात न्यायचं आणि हा तांब्या, ही वाटी, हे ताट असं करत लिंगं पाठ करून घ्यायची. तांब्या पुल्लिंगी का आणि वाटी स्त्रीलिंगी का, हे विचारायचं नाही. विचारलं तर चहा मिळायचा नाही. त्यानंतर ‘ळ’. ‘ळ’ला साधारण केळी लागतात. मी केळं समोर ठेवायची आणि उच्चार नीट आल्याशिवाय खाऊ द्यायची नाही.

पण मराठीत खरं अवघड काय असेल तर ते माणसांना काय म्हणायचं हे. कुणाला तू, कुणाला तुम्ही, कुणाला आपण. आणि पाठीमागे कुणाला तो, कुणाला ते. हे व्याकरणाच्या पुस्तकात दोन ओळींत संपतं आणि घराघरात जन्मभर चालू राहतं. मी स्वतः नवऱ्याचं नाव घेत नव्हते. समोर ‘अहो’ आणि मागे ‘हे’, एवढ्यावर माझा संसार झाला. तेव्हा या विषयातला माझा अधिकार कुणी काढू नये.

आता हॉल्डनसाहेबांची गोष्ट सांगते, कारण माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत मला त्यांचीच जास्त आठवण येते.

ते स्कॉटलंडचे पाद्री होते. उंच, किडकिडीत, आणि दारातून आत येताना दर वेळी चौकटीला डोकं आपटणारे. आमच्या गल्लीतला पोस्टमन त्यांना ‘हळदणकर साहेब’ म्हणायचा, आणि त्यांना ते आवडायचं. त्यांना घाटकोपरच्या एका लहानशा मराठी मंडळीचं पाळक व्हायचं होतं. ख्रिस्ती लोक आपल्या धर्मसमाजाला मंडळी म्हणतात आणि तिच्या धर्मगुरूला पाळक. मंडळीने पसंत केलं तर राहायचं, नाहीतर मिशन त्यांना परत बोलावणार होतं. याआधी दुसऱ्या एका देशातून ते भाषा न आल्यामुळे परत गेले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी हे मला सांगितलं आणि म्हणाले की या वेळी परत जावं लागलं तर मी पाद्रीपण सोडून देईन, कारण जो बोलू शकत नाही त्याने उपदेश करू नये. मला त्यांचा तो सरळपणा फार आवडला. त्याच दिवशी मी ठरवलं की या माणसाला इथून परत जाऊ द्यायचं नाही.

तांब्या, वाटी, ताट भराभर झालं. ‘ळ’ दोन घडांत आला. घोडं अडलं ते ‘तो’वर. साहेब कामतांच्या बंगल्यात मागच्या खोलीत राहायचे. कामतबाई कोकणातल्या, हाताने सढळ. साहेबांना रोज वाटीभर कालवण पाठवायच्या. एकदा साहेबांनी त्यांना अगदी गोड आवाजात विचारलं, “कामत कुठे आहे? तो जेवला का?” कामतबाईंनी दुसऱ्या दिवसापासून कालवण बंद केलं. साहेबांना कारण कळेना. मी जाऊन समजूत घातली, तर कामतबाई म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याक तो म्हणता, मिया काय ह्येच्या घरातली मोलकरीण?”

त्या प्रसंगाचा साहेबांनी फार धसका घेतला. यापुढे कुणाचाही अपमान करायचा नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं आणि सगळ्या सृष्टीला आदर द्यायला लागले. दूधवाले आले, न्हावी गेले, चोर पळाले. एकदा मला म्हणाले, “बाई, दारात एक कुत्रे आले आहेत. ते आजारी आहेत.” मी इतकी हसले की आमचे हे पेपर टाकून बाहेर आले. मला वाटलं, वाढत्या अंगाचा दोष आहे, आपोआप जाईल. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली होती, ती मला पुढे कळली.

शिकवणीत आमचे वादही व्हायचे. त्या सुमारास उपनगरांत काही प्रचारक घरोघर फिरत होते. तेही येशूला मानणारेच, पण त्यांचं म्हणणं असं की येशू हा मशीहा खरा, म्हणजे ज्याची वाट पाहिली तो देवाने पाठवलेला. पण तो स्वतः देव नव्हे. त्यांची मराठी पत्रकं घाटकोपर-मुलुंडच्या ख्रिस्ती घरांतून पोहोचली होती आणि मंडळीत चुळबुळ सुरू झाली होती. साहेबांना या पत्रकांना मराठीतून उत्तर द्यायचं होतं. उत्तराची तालीम माझ्यासमोर व्हायची.

सुरुवातीला गंमतच झाली. साहेबांनी मला पटवायला घेतलं की येशू देव आहे. मी म्हटलं, बरं, असेल. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मी म्हटलं, थट्टा नाही, आमच्या देव्हाऱ्यात कुणाला जागेची अडचण पडत नाही. साहेब डोक्याला हात लावून बसले. म्हणाले की बाई, तुम्ही फार लवकर कबूल होता, आणि त्यामुळे माझं काहीच सिद्ध होत नाही. ते देव आहेत एवढंच नाही, दुसरं कुणी नाही, असं मला म्हणायचंय. मी म्हटलं, मग तसं म्हणा. पण तिथे मी कबूल होणार नाही. यावर आम्ही दोघांनी चहा घेतला.

प्रचारकांचा पहिला मुद्दा असा की बाप माझ्यापेक्षा थोर आहे, असं मशीहा स्वतःच सांगतो. मग बरोबरी कसली? साहेबांचं उत्तर असं की मी आणि बाप एक आहोत, असंही तोच सांगतो. दोन्ही वाक्यं एकाच शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलातल्या येशूच्या एकाच चरित्रातली. मी म्हटलं, यात काय, आमचे हे कचेरीत साहेब आहेत आणि घरी मामंजींसमोर मान वर करत नाहीत, माणूस एकच. साहेबांना हा दृष्टांत इतका आवडला की ते लिहून घ्यायला लागले. मग माझ्याच लक्षात आलं, आणि मी म्हटलं, पण साहेब, हे आणि मामंजी दोन माणसं आहेत. साहेबांनी लिहिलेलं खोडलं.

दुसरा मुद्दा योहानाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्याच वाक्याचा. तिथे ‘शब्द देव होता’ असं सांगितलंय, आणि शब्द म्हणजे मशीहा. प्रचारकांच्या पत्रकात ते ‘एक देव होता’ असं छापलं होतं. साहेब म्हणाले की मूळ भाषेत एका बारीक उपपदावरून, इंग्रजीतल्या ‘द’सारख्या शब्दावरून, विद्वान भांडत आले आहेत, पण मराठीत ते उपपदच नाही, म्हणजे मराठीत भांडण मिटलं. मला अप्रामाणिकपणा चालत नाही. मी म्हटलं, मिटलं नाही, मराठीत ते सुरूच होत नाही, एवढंच. ते तुमच्या मूळ भाषेत जाऊन भांडा. मात्र ‘एक देव होता’ हे मराठी म्हणून भिकार आहे, कारण तसं म्हटलं की पोरं मांडी घालून गोष्ट ऐकायला बसतात.

खरा रंग भरला तो थोमाच्या गोष्टीत. थोमा हा शिष्य संशयी. मशीहा मरणातून उठला यावर त्याचा विश्वास बसेना. मग मशीहाने त्याला आपल्या जखमा दाखवल्या, तेव्हा तो ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ असं म्हणाला. आता यात तर सरळ देव म्हटलंय. पण प्रचारक म्हणत की तो नुसता आश्चर्याचा उद्गार आहे, माणूस दचकला की ‘अरे देवा’ म्हणतो तसा. साहेब इथे अडकले होते. मी म्हटलं, साहेब, हे माझ्यावर सोडा. दूध उतू गेलं की मी ‘अरे देवा’ म्हणते. ‘माझ्या देवा’ म्हणत नाही. ‘माझ्या’ लावायला समोर कुणीतरी असावं लागतं. साहेब खुर्चीतून उठले, आणि उठताना दिव्याला डोकं लागलं. मूळ भाषेतही ‘माझ्या’ आहे, शिवाय तो ‘त्याला म्हणाला’ असंही आहे, असं ते दोनदा म्हणाले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, आणि आजही वाटतो.

हाच विषय घेऊन साहेबांनी घाटकोपरला उपदेश केला. मंडळी त्यांना पाळक म्हणून घेणार की नाही हे त्यावरून ठरायचं होतं. मी गेले नव्हते. सोमवारी साहेब शिकवणीला आले नाहीत, मंगळवारीही नाहीत. बुधवारी सकाळी माझ्या दारात एक अनोळखी गृहस्थ उभे राहिले. काळी टोपी, धुतलेला कोट, हातात छत्री.

ते शांतवन मास्तर. घाटकोपरच्या म्युनिसिपल शाळेत शिक्षक आणि त्या मंडळीच्या वडिलांपैकी एक. मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना ते लोक वडील म्हणतात. नाव शांतवन असलं तरी आवाज वर्गाला दटावण्याचा होता. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी मला सांगितलं की साहेबांनी भर उपासनेत मशीहाचं देवपण नाकारलं. मला काही समजेना. मी म्हटलं, अहो, ते तर देवपण सिद्ध करायला गेले होते, तालीम माझ्यासमोर झाली आहे. मास्तर म्हणाले, “बोलले ते बोलले. पण सगळा वेळ ‘ते’ म्हणाले. ते आले, ते गेले, त्यांनी जखमा दाखवल्या. आमच्या शास्त्रात ‘तो’ आहे, बाई. देवाला कुणी ‘ते’ म्हणतं? त्या पत्रकवाल्यांनी पण हेच छापलंय. ‘ते थोर गुरू होते.’ मग आमच्या साहेबात नि त्यांच्यात फरक काय राहिला?”

माझ्या डोळ्यांसमोर कामतबाई उभ्या राहिल्या. सगळा उलगडा झाला. तालमीत आम्ही अर्धं इंग्रजीतून बोलायचो आणि कुत्र्याला ‘ते’ म्हणणाऱ्याने मशीहालाही ‘ते’ म्हटलं तर मला त्यात नवल वाटलं नव्हतं. मी हसून कुत्र्याची गोष्ट सांगितली. मास्तर हसले नाहीत. रविवारी उपासनेनंतर वडिलांची बैठक आहे, असं ते म्हणाले. बरेच जण साहेबांना परत पाठवा असं म्हणतात. साहेबांनी तुमचं नाव सांगितलंय, तर तुम्ही येऊन भाषेपुरतं सांगा. मी म्हटलं, मी हिंदू बाई, तुमच्या बैठकीत माझं काय काम? “म्हणूनच,” मास्तर म्हणाले. “तुम्हाला कुठली बाजू जिंकायची नाही.”

ते चुकत होते. मला बाजू होती. पण मी तसं बोलले नाही.

साहेब संध्याकाळी आले. चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, पुस्तकात ‘तो’ छापलेलं तुम्ही रोज वाचता, मग बोलताना ‘ते’ का? तेव्हा ती राहिलेली गोष्ट कळली. त्यांच्या भाषेत देवाला एकेरी संबोधण्याची एक जुनी रीत आहे, ती फक्त जुन्या ग्रंथांत आणि प्रार्थनांत उरली आहे. त्यांना वाटलं, मराठी पुस्तकातला ‘तो’ही तसाच जुना झाला असेल, आणि आजच्या मराठीत मोठ्यांना ‘ते’च म्हणायचं, कारण कामतबाईंकडे त्यांना तसा अनुभव आला होता. बाई, मी सामान बांधायला घेतलंय, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना चहा दिला आणि रविवारपर्यंत बांधू नका म्हटलं.

रविवारी मी अंधेरीहून बसने कुर्ल्याला आणि तिथून घाटकोपरला गेले. आमचे हे सोबत यायला निघाले होते, मी नको म्हटलं. मंडळी एका शाळेच्या खोलीत भरायची. फळ्यावर आदल्या दिवशीचं शुद्धलेखन तसंच होतं. वडील बाकांवर बसले होते. कुणी रेल्वेतला, कुणी गिरणीतला, एक दोघे कचेऱ्यांतले. मागे चार बायका. साहेब एका बाजूला, मुलांच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीजवळ घेऊन बसले होते. त्यांना तसं पाहून मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला.

मास्तरांनी मला सरळ विचारलं की ‘ते’ म्हटलं म्हणजे माणूस ठरतो की देव. मी विचारलं, मास्तर, शाळेत रामाचा धडा कसा शिकवता? म्हणाले, राम वनात गेला. मी म्हटलं, आणि कीर्तनात बुवा काय म्हणतात? प्रभू रामचंद्र वनात गेले. राम एकच ना? मास्तर म्हणाले, एकच. मी म्हटलं, तेव्हा व्याकरणाला साक्षीला आणू नका, ते दोन्ही पक्षांकडून बोलेल. मग मी विचारलं, साहेब प्रार्थनेत येशूला काय म्हणतात? वडील एकमेकांकडे पाहू लागले. मागच्या बायकांतली एक म्हणाली, “तू म्हणतात. प्रभू, तू आमच्यात ये, असं.”

“बघा,” मी म्हटलं. “पाठीमागे ‘ते’ आणि समोर ‘तू’, असा एक माणूस मला दाखवा.”

गिरणीतले एक वडील जरा विचार करून म्हणाले, “आमच्या मुकादमाचं, जॉबरचं, उलटं हाय, बाई. समोर आपण, मागं तो.”

खोलीत हसू फुटलं. मला वाटलं, आपण जिंकलो. पण मास्तर हसत नव्हते. ते उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर्गाचा राहिला नाही.

ते आपल्या बापाबद्दल बोलले. बाप नगरकडचा, गावातला भजनी. त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावांनी बैठक बसवली. भाऊ वाईट नव्हते, मास्तरांनी हे मुद्दाम सांगितलं. त्यांनी तोड काढली. म्हणाले, तू त्या येशूला मान, फोटो लाव, त्यांना थोर सत्पुरुष म्हण, आमची ना नाही. फक्त देव म्हणू नकोस. तुझा वाटा, तुझं घर तुझ्याकडेच राहील. बाप म्हणाला, मी जन्मभर देवाला तूतू करून गायलो, मला देव कळतो. हा सत्पुरुष नाही, हा देव आहे. त्याच दिवशी तो बायकोमुलांना घेऊन बाहेर पडला. शेत गेलं, घर गेलं. पुढे आजी वारली तर तिच्या तोंडात पाणी घालू दिलं नाही.

“साहेब, माझा बाप ‘ते’ म्हणाला असता, तर आम्ही आमच्या घरात असतो,” मास्तर म्हणाले. “एवढंच बोलला असता तर भागलं असतं. बाईंचं व्याकरण मला मान्य आहे. पण मी त्या शब्दाची किंमत बघितलीय. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

माझी सगळी हुशारी त्या क्षणी मला फार लहान वाटली.

साहेब त्या लहान खुर्चीतून कसेबसे उठले. सगळ्यांना वाटलं आता शास्त्रातली वचनं येणार. वचनं आली नाहीत. ते सावकाश, शब्द जुळवत म्हणाले, “मास्तर, इथे मला सगळे ‘ते’ म्हणतात. दूधवाला म्हणतो, पोस्टमन म्हणतो. मी कोण? मी काही नाही. मग माझ्या देवाला मी माझ्यापेक्षा कमी कसं म्हणू? मला ते जमलं नाही.”

मास्तर त्यांच्याजवळ गेले. मग वर्गात समजावतात तसं, पण मऊ आवाजात म्हणाले, “कमी नाही साहेब. पोरंटोरं सोडली तर आमच्यात ‘तो’ दोघांनाच म्हणतात. देवाला आणि घरातल्या गड्याला. मधल्या सगळ्यांना ‘ते’.”

मी इतकी वर्षं मराठी शिकवत होते, पण हे मी कधी असं मांडलं नव्हतं. साहेबांनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटलं. देवाला आणि गड्याला. मग त्यांचा चेहरा बदलला. ते मास्तरांकडे न बघता, जणू स्वतःशीच बोलू लागले.

“शेवटच्या जेवणाला,” साहेब म्हणाले, “तो उठला. त्याने कमरेला रुमाल बांधला. त्याने शिष्यांचे पाय धुतले. ते काम गड्याचं होतं. म्हणजे तो... मास्तर, तो दोन्ही होता. वर पण तो, खाली पण तो. मधला तो कधी नव्हताच.”

आपण ‘ते’ सोडून ‘तो’ म्हणतोय, हे बोलण्याच्या भरात त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आम्हाला मात्र सगळ्यांना कळलं होतं. मागच्या बायकांतली एक डोळे पुसत होती. मी हिंदू बाई, येशू एकटाच देव हे मी तेव्हाही कबूल केलं नाही आणि आजही करत नाही. पण त्या दुपारी त्या ‘तो’ने माझ्या अंगावर काटा आला, हे खोटं कशाला सांगू?

गिरणीवाले वडील म्हणाले की आता मत घ्या. मास्तरांनी हाताने नको म्हटलं. त्यांनी टोपी घातली, छत्री उचलली, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून साहेबांना म्हणाले, “चल. घरी बोंबलाचं कालवण केलंय. तू जेवून जा.”

साहेबाला ‘तू’. बाकांवर बसलेले सगळे एकदम त्यांच्याकडे पाहू लागले. मास्तर दाराशी पाठमोरे उभे होते. साहेब पांढरे पडले. मोठ्या परक्या माणसाला ‘तू’ म्हटलं की अपमान होतो, हे मी त्यांच्याकडून चांगलं पाठ करून घेतलं होतं. ते वाकून माझ्या कानाशी आले आणि हळूच विचारू लागले, “बाई, मास्तर रागावले का?”

मी म्हटलं, “नाही, साहेब. त्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं.”